वीजबिल, मक्ता आणि नगरपालिका : तक्रार कोणाच्या दारीं न्यावी

विजेचें बिल अवाच्या सवा आलें म्हणजे गांवकरी मंडळी जमतात आणि मोर्चा बहुधा नगरपालिकेवर किंवा ग्रामपंचायतीवर नेतात. सभासद हाताशीं असतात, मत मागावयास तेच दारीं आलेले असतात. तेव्हां हें स्वाभाविकच आहे. परंतु चुकीच्या कचेरींत पडलेल्या अर्जावर "संबंधितांकडे पाठवावा" एवढाच शेरा पडतो, आणि तेवढ्यांत दाद मागण्याची मुदत निघून जाते. आम्हीं पुष्कळ वर्षें अशा शेऱ्यांच्या राशी पाहिल्या आहेत. म्हणून विजेचा दर कोण ठरवितो, मक्ता कोणी कोणास दिलेला असतो आणि स्थानिक संस्थेकडून नेमकें काय करून घेतां येतें, याचा येथें विचार करूं.

एके काळीं मक्ता देणारी नगरपालिकाच असे. मुंबईच्या म्युनिसिपालिटीनें ७ ऑगस्ट १९०५ रोजीं करार करून शहरांत वीज व ट्राम चालविण्याची सवलत एका कंपनीस दिली. मात्र ठराविक मुदतीनंतर हा सारा कारभार विकत घेण्याचा हक्क आपल्याकडे राखून ठेवला. बेचाळीस वर्षांनीं, ७ ऑगस्ट १९४७ रोजीं, तो हक्क बजावून तिनें कंपनी ताब्यांत घेतली. तीच आजची 'बेस्ट'. अमेरिकेंत ही पद्धत अद्याप आहे. कॅलिफोर्नियांतील सॅन दिएगो शहरानें १९७० मध्यें वीजकंपनीस पन्नास वर्षांचा मक्ता दिला होता. तो संपत आला तेव्हां नागरिकांनीं नगरसभेंत जाऊन एवढ्या दीर्घ मुदतीस हरकत घेतली, आणि २०२१ मध्यें नवा करार झाला तो दहा वर्षांचा, पुढें आणखी दहा वर्षें चालू शकेल असा. अशा ठिकाणीं नगरपालिकेस जाब विचारणें सर्वथा योग्य होय, कारण करारावर सही तिची असते.

आपल्याकडील स्थिति निराळी आहे. २००३ च्या विद्युत अधिनियमान्वयें वीज वाटपाचा परवाना व विजेचे दर या दोन्ही गोष्टी राज्य विद्युत नियामक आयोगाच्या हातीं आहेत. आपल्या राज्याच्या बहुतेक भागांत परवानाधारक महावितरण कंपनी आहे. जुन्या वीज मंडळाचे तुकडे होऊन ती ६ जून २००५ पासून कारभार पाहूं लागली. या कंपनीस आपल्या वतीनें एखाद्या भागांत वीज वाटण्यासाठीं दुसरा इसम नेमतां येतो. त्यास कायद्यांत फ्रँचायझी म्हणतात. आपण मक्तेदार म्हणूं. त्याचा करार महावितरणशीं असतो. नगरपालिका त्या करारांत पक्षकार नसते.

भिवंडीचें उदाहरण या बाबतींत पहिलें व सर्वांत बोधप्रद आहे. यंत्रमागांच्या या गांवीं पुरविलेल्या विजेपैकीं निम्म्याहून अधिक विजेचे पैसे वसूलच होत नसत. २६ जानेवारी २००७ पासून तेथील वाटप दहा वर्षांच्या करारानें टोरंट कंपनीकडे दिलें, आणि पुढें मुदत आणखी दहा वर्षांनीं वाढविली. आठवडे बाजाराचा लिलाव ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हा व्यवहार सहज समजेल. बाजाराचा मक्तेदार पंचायतीस ठरलेली रक्कम भरतो आणि पंचायतीनें ठरविलेल्या दरानेंच पट्टी वसूल करतो. तसाच हा मक्तेदार महावितरणकडून कराराच्या दरानें एकत्र वीज घेतो आणि आयोगानें ठरविलेल्या दरानें ग्राहकांस विकतो. मधली गळती जितकी कमी, तितका त्याचा नफा अधिक.

यावरून एक गोष्ट उघड होते. मक्तेदार आला म्हणून दर वाढले, असें जें सर्रास म्हटलें जातें तें खरें नाहीं. शेजारच्या मक्ता नसलेल्या गांवींहि दर तेच असतात. पण बिल वाढतें हें मात्र खरें, कारण मीटर बदलले जातात, जुन्या थकबाकीचा तगादा लागतो, आणि चोरीच्या आरोपाखालीं आकारणी होते. ज्याचा नफा गळती थांबविण्यावर आहे तो तपासणींत कडक असणारच, आणि कडकपणांत निरपराधहि सांपडतात. भिवंडीकरांची ओरड बव्हंशीं मीटर व आकारणी यांविषयींच होती. ती दराची म्हणून मांडली गेली कीं तिचें उत्तर देणें कंपनीस फार सोपें जातें.

मक्ते टिकतातच असेंहि नाहीं. औरंगाबाद, जळगांव व नागपूर येथील मक्ते २०११ मध्यें सुरू झाले आणि अनुक्रमें २०१४, २०१५ व २०१९ मध्यें मुदतीपूर्वींच संपून कारभार महावितरणकडे परत आला. म्हणून आपल्या भागांत मक्ता येत असल्यास कराराची नक्कल पाहावी. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखालीं ती महावितरणकडे मागतां येते. गळती कमी झाल्याचा लाभ कोणास मिळणार, आणि मक्तेदार मध्येंच गेला तर ग्राहकांच्या अनामत रकमेस कोण जबाबदार, हीं दोन कलमें आम्हीं तरी प्रथम वाचूं.

आतां बिलाकडे वळूं. घरगुती बिलांत स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि सरकारास जाणारें वीज शुल्क अशा रकमा असतात. दराचे टप्पे महिन्यास १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढें असे आहेत, आणि वरच्या टप्प्यास दर पुष्कळ चढा. समजा मीटर तीन महिने वाचला नाहीं आणि नंतर २७० युनिट एकदम आले. महिन्यास ९० प्रमाणें सारे युनिट पहिल्या टप्प्यांत बसावयास हवेत. तेच एका महिन्याचे धरले तर १७० युनिट वरच्या टप्प्यांत जातात. २०२० च्या टाळेबंदीनंतर तीन महिन्यांचीं बिलें एकदम आलीं तेव्हां राज्यभर हाच संशय उठला होता. संशयानें काम होत नाहीं. टप्पे महिन्यांत विभागले आहेत कीं नाहींत, हें कागद घेऊन मांडावें.

शेतीपंपाच्या बिलांत खरी मेख मंजूर भाराची आहे. एक अश्वशक्ति म्हणजे ०.७४६ किलोवॅट. पांच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला तर सुमारें ३० युनिट होतात. मोटारीच्या घटीमुळें थोडे अधिक. असे शंभर दिवस धरल्यास सुमारें ३,००० युनिट होतील. पंप तीनचाच असेल तर हाच आंकडा सुमारें १,८०० येतो. ज्या पंपास मीटर नाहीं त्याचें बिल केवळ नोंदलेल्या अश्वशक्तीवर निघतें. म्हणून नोंद चुकली कीं सारें चुकलें. एप्रिल २०२४ पासून पांच वर्षांसाठीं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस सरकारनें वीज मोफत केली आहे, त्यामुळें पुष्कळांनीं बिल पाहणेंच सोडलें आहे. हें बरें नव्हे. साडेसातच्या पंपाची नोंद दहा अशी झाली तर ती सवलतच जाते. सातबाऱ्यावरील नोंद आपण जशी दरसाल पाहतों, तशी ही पाहावी आणि चूक असल्यास भार तपासण्याचा लेखी अर्ज द्यावा.

तक्रार प्रथम कंपनीकडे लेखी करावी आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्यावी. तोंडी सांगितलेलें कोणासहि आठवत नाहीं. तेथें दाद न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. मक्त्याच्या भागांतील ग्राहकांसहि तो खुला आहे. मात्र तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत तेथें गेलें पाहिजे. मंचाचा निर्णय न पटल्यास ६० दिवसांच्या आंत मुंबई किंवा नागपूर येथील विद्युत लोकपालाकडे जातां येतें. चोरीच्या प्रकरणांस मात्र हा मार्ग नाहीं. दरम्यान वीज तोडण्याची भीति असते. कलम ५६ प्रमाणें पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडतां येत नाहीं. आणि मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यांपैकीं जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा चालूच ठेवावा लागतो. हें कलम ठाऊक नसल्यामुळें कित्येकजण वादग्रस्त रक्कम सगळीच भरून मोकळे होतात.

मग नगरपालिकेकडे जावेंच नाहीं काय? जावें, पण दर कमी करा असें म्हणावयास नव्हे. दरवाढीचा प्रस्ताव आला म्हणजे कलम ६४ प्रमाणें तो प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना विचारांत घेणें आयोगास भाग आहे. पुण्याची 'प्रयास' व मुंबई ग्राहक पंचायत या संस्थांनीं अशा सुनावणींत आंकडे मांडून ग्राहकांची बाजू लढविली आहे. नगरपालिका व ग्रामपंचायत स्वतःहि रस्त्यावरील दिव्यांची व पाणीपुरवठ्याची ग्राहक असतेच. तेव्हां तिनें ठराव करून हरकत दाखल करावी, सुनावणीस आपला माणूस पाठवावा आणि आपल्या हद्दींतील चुकीच्या बिलांची यादी, ग्राहक क्रमांकासह, सोबत जोडावी. ठराव मागावयास जातांना गांवकऱ्यांनीं ही यादी अगोदरच तयार करून न्यावी. ग्राहक क्रमांक, मीटरचे मागील व चालू आंकडे, मंजूर भार आणि तक्रारीची तारीख एवढे रकाने पुरेत.