एका नजरेचा निकाल

मुलांनो, समजा, तुम्ही बोरी बुद्रुक गावच्या एस.टी. थांब्यावर उभे आहात. हे गाव पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीच्या काठी आहे. थांब्यावर धोतर नेसलेले एक आजोबा आहेत. एक मुलगी बुरख्यात आहे. दुसरीने जीन्स घातली आहे. एका तरुणाचे कपडे मातीने भरले आहेत. इतक्यात कोणीतरी मोठ्याने म्हणते, "काय हे कपडे!" काही जण हसतात.

हे कोणाला उद्देशून आहे, ते कळत नाही. आजोबा टोपी नीट करतात. बुरख्यातली मुलगी मागे सरकते. जीन्सवाली मान खाली घालते. तरुण शर्ट झटकतो. वाक्य एकच, पण लागले चौघांना!

तो तरुण शेतातून थेट आला असेल. हसणाऱ्यांनी त्याला विचारले का?

याच गावाच्या नदीकाठी एक थर आहे. वरवर पाहणाऱ्याला ती साधी माती वाटेल. अभ्यासकांनी ती तपासली, तेव्हा ती ज्वालामुखीची राख निघाली! ती दूरच्या सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीतून आली, असे मानतात. ती नक्की किती जुनी, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मातीबद्दलसुद्धा ते घाईने निकाल देत नाहीत. आपण मात्र माणसाचा निकाल एका नजरेत देतो.

जुन्नर तालुक्यातील शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या महात्मा जोतीराव फुले यांची गोष्ट ऐका. १८८८ साली पुण्यात राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी मेजवानी होती. पाहुणे उंची कपडे घालून आले. जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले. ते बांधकामाचे कंत्राटदार होते. चांगले कपडे त्यांनाही घेता आले असते. पण खरा देश या थाटात नसून खेड्यांत आहे, हे त्यांना दाखवायचे होते. भाषणात त्यांनी तेच सांगितले आणि गरिबांसाठी शिक्षण मागितले. त्यांचा वेष पाहून ज्याने तोंड फिरवले असते, त्याला हे कसे कळले असते?

मित्रांनो, कोणाची ओढणी मोटारसायकलच्या चाकात जात असेल, तर जरूर सांगा. ती काळजी झाली. पण चारचौघांत कोणाच्या कपड्यांना नावे ठेवू नका. बुरखा घालणारीला हसू नका आणि न घालणारीलाही बोल लावू नका. उद्या त्याच थांब्यावर तुम्हीही उभे असाल. दिसते तसे नसते, हे लक्षात ठेवा.

स्वाध्याय
१. थांब्यावरील चौघांना वाईट का वाटले?
२. जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात का गेले?
३. 'नावे ठेवणे' हा वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यात वापरा.