परदेशी तूर मागविताना

लातूर-नांदेडकडील तूर साधारणतः डिसेंबर-जानेवारीपासून बाजारात येऊ लागते. पावसाळ्यात आवक आटली म्हणजे लहान डाळ गिरणीवाल्यास म्यानमार वा मोझांबिकच्या तुरीकडे पाहावे लागते. मोझांबिकची काढणी ऑगस्टच्या सुमारास होते व माल समुद्रमार्गे न्हावाशेवा बंदरात यावयास काही आठवडे लागतात. मागणी उशिरा नोंदविल्यास हा माल ऐन स्थानिक सुगीच्या तोंडावर येऊन पडतो आणि भाव उतरून गिरणीवाल्याबरोबर शेतकऱ्याचेही नुकसान होते.

करारात ओलावा, काडीकचरा व किडका दाणा यांची मर्यादा आकड्यांत लिहून घ्यावी. ‘उत्तम माल’ एवढ्या शब्दांनी तंटा मिटत नाही. पैसे आगाऊ न देता बँकेच्या पतपत्रावर व्यवहार करावा. माल जहाजावर चढल्याचे कागद दाखविल्यावरच त्यात बँक पैसे देते. मात्र बँक कागद तपासते, धान्य नव्हे. म्हणून जहाजावर चढविण्यापूर्वी त्रयस्थाकडून नमुना तपासवून त्याचा दाखला पतपत्राच्या अटींत घालावा. निर्यात करणाऱ्या देशाचा वनस्पती-आरोग्य दाखलाही हवा, नाहीतर माल बंदरातच अडकतो.

२०१७ साली सरकारने तुरीच्या आयातीस २ लाख टनांची वार्षिक मर्यादा घातली होती. २०२१ साली आयात पुन्हा खुली केली. तेव्हा सौद्यापूर्वी चालू अधिसूचना अवश्य पाहावी.