टॅपेट वाजतायत, पण प्रॉब्लेम कॅमचा आहे : जुन्या स्पोर्ट्स कारचं काम घेताना कोटेशन कसं द्यायचं?



जुन्या गाड्यांचं गॅरेज हा छोटा पण चांगला व्यवसाय आहे, हे आपण व्हिडिओत पाहिलं. आज त्यातलंच एक काम नीट समजून घेऊ. हे काम बरोबर केलं तर ग्राहक आयुष्यभराचा होतो, आणि चुकलं तर दोनदा फुकट करावं लागतं. ते म्हणजे घासलेला कॅमशाफ्ट.

उदाहरणासाठी एमजीबी घेऊ. ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला बनत होती. इंजिन 1798 सीसीचं, बी-सिरीज घराण्यातलं. आपल्या अ‍ॅम्बॅसेडरचं 1489 सीसीचं इंजिन याच घराण्यातलं! म्हणजे अ‍ॅम्बॅसेडरवर हात बसलेला जुना मिस्त्री तुमच्याकडे असेल, तर अर्धी लढाई तुम्ही जिंकलेलीच आहे.

आधी निदान, मग दर

ग्राहक येऊन सांगतो, "टॅपेट वाजतायत, सेटिंग करून द्या." तुम्ही थंड इंजिनवर 0.015 इंचाचं फिलर गेज लावून सेटिंग करता. थोड्याच दिवसांत तोच आवाज, आणि त्याच व्हॉल्व्हचा गॅप पुन्हा वाढलेला. इथे थांबायचं. गॅप एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा वाढतोय, म्हणजे खाली लोब किंवा टॅपेट झिजतोय. सोबत पिकअप कमी होणं, कार्ब्युरेटरमधून फटके येणं हेही दिसू शकतं.

खात्री कशी करायची? या इंजिनात कॅम ब्लॉकमध्ये असतो आणि त्याला आठ लोब असतात. डायल गेज लावून इंजिन हाताने फिरवा आणि आठही पुशरॉडची उचल मोजून लिहून ठेवा. एखादी बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी आली, तर तो लोब गेला.

पुढची पायरी म्हणजे टॅपेट काढून बघणं. ब्लॉकच्या बाजूची झाकणं उघडली की ते काढता येतात. पण त्यासाठी रॉकर शाफ्ट काढावा लागतो, आणि त्याचे काही नट हेडचेच असतात. म्हणून पाणी काढून हेडचे सगळे नट क्रमाने ढिले करायचे, नाहीतर हेड वाकायची भीती.

टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो, त्यामुळे तो चालताना स्वतःभोवती फिरतो. दोन टॅपेट तळाला तळ लावून धरा. थोडे डुलले तर ठीक. सपाट बसले किंवा मध्ये फट दिसली, तर झिजलेत. खड्डे पडले असतील तर प्रश्नच नाही.

या तपासणीचे पैसे वेगळे घ्या, आणि ते आधी सांगा. तुमचं ज्ञान फुकट नाही.

नवा कॅम की ग्राइंड केलेला?

जुना कॅम ग्राइंड करून पुन्हा आकार देता येतो. ब्रिटनमध्ये जुना शाफ्ट परत घेऊन ग्राइंड केलेला देणारी वर्कशॉप्स आहेत. खर्च कमी, पण दोन गोष्टी विचारायच्याच. ग्राइंड केल्यावर वरचा कडक थर शिल्लक राहतोय का? आणि बेअरिंगचे जर्नल व डिस्ट्रिब्युटर-ऑइल पंप फिरवणारे दाते चांगले आहेत का? खड्डा खोल असेल तर सरळ नवा घ्या.

एक नियम, तडजोड नाही

नव्या किंवा ग्राइंड केलेल्या कॅमवर जुने टॅपेट कधीच बसवायचे नाहीत. आठही नवे.

ग्राहक म्हणेल, "साहेब, टॅपेट बरे दिसतायत, राहू द्या." आता हिशेब करा. समजा टॅपेटचा सेट 6,000 रुपयांना पडतो. तुमचा दर तासाला 500 आणि काम 30 तासांचं, म्हणजे मजुरी 15,000. जुन्या टॅपेटने नवा कॅम खाल्ला, तर ग्राहकाने 6,000 वाचवले आणि तुमचे 15,000 गेले, वर नवा कॅम कोणी द्यायचा यावर भांडण. ग्राहक ऐकत नसेल तर हात जोडून काम नाकारा. नाकारलेलं काम नाव खराब करत नाही, फसलेलं काम करतं.

कोटेशनचे तीन भाग

1. नक्की काम : कॅम, आठ टॅपेट, गॅस्केट, ऑइल, फिल्टर, मजुरी.
2. उघडल्यावर ठरणारं काम : लोबचा झिजलेला लोखंडी चुरा ऑइलमध्ये फिरलेला असतो. चेंबर धुणं आलंच, शिवाय ऑइल पंप आणि बेअरिंग तपासावी लागतात. कॅमची तीन बेअरिंगही बघायची. याची अंदाजे रक्कम आधीच लिहा, फोटो पाठवा आणि होकार आल्यावरच पुढे जा.
3. गॅरंटीची अट : रनिंग-इन आणि पहिलं ऑइल चेंज तुमच्याच गॅरेजमध्ये.

पहिली 20 मिनिटं

लोब आणि टॅपेटच्या तळाला असेंब्ली पेस्ट लावा. स्टार्ट करण्याआधी ऑइल प्रेशर येऊ द्या, इग्निशन आणि पेट्रोल तयार ठेवा, म्हणजे उगाच स्टार्टर मारत बसावं लागणार नाही. सुरू झालं की आयडलवर सोडायचं नाही. 2000 ते 2500 आरपीएमवर साधारण 20 मिनिटं चालवा, कारण कमी आरपीएमला लोबवर पुरेसं ऑइल उडत नाही. मग ऑइल-फिल्टर बदला आणि टॅपेट पुन्हा सेट करा. ऑइल घेताना झिंकचं प्रमाण बघा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी आजच्या अनेक ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं, आणि असल्या कॅमला तेच लागतं.

आजचा गृहपाठ

एका कागदावर तुमच्या कामाचा "एक नियम, तडजोड नाही" लिहा. गॅरेज असो, टेलरिंग असो की केटरिंग, तो प्रत्येक धंद्यात असतो. मग तो तुमच्या कोटेशनच्या खाली छापून घ्या.

भेटूया पुढच्या धड्यात. तोपर्यंत शिकत राहा, कमवत राहा!