घरातल्या बाटल्या कमी करताना

संडास धुण्याचं अ‍ॅसिडवालं लिक्विड आणि ब्लीचिंग पावडर कधीही, कुठल्याही कारणाने एकत्र येऊ देऊ नका. एवढं एकच वाक्य वाचून कुणी पान उलटलं, तरी मला समाधान आहे. कारण या दोन गोष्टी एकत्र आल्यावर काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दिवाळीच्या आधी मी नणंदेकडे नाशिकला गेले होते. तिच्याकडे बोअरचं पाणी येतं, त्यामुळे संडासाच्या भांड्यात पिवळट थर धरतो. त्या सकाळी तिने भांड्यात लिक्विड ओतून ठेवलं आणि ती चकलीच्या भाजणीकडे वळली. थोड्या वेळाने कामाच्या मावशी आल्या. दुसऱ्या एका घरी ब्लीचिंग पावडरने भांडं पांढरं होतं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मूठभर पावडर टाकली आणि वाकून घासायला घेतलं. दार लोटलेलं होतं, खिडकी बंद होती. दोघींनीही आपापलं काम मनापासून केलं होतं. पण एकीने काय टाकलंय, हे दुसरीला ठाऊक नव्हतं.

मावशींच्या खोकल्याचा आवाज ऐकून आम्ही धावलो. दार उघडताच नाकाला झोंबणारा, पोहण्याच्या तलावावर येतो तसला पण कितीतरी उग्र वास आला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि श्वास पुरा होत नव्हता. त्यांना धरून मोकळ्या गच्चीवर नेलं, डोळ्यांवर पाणी मारत राहिलो आणि तिथून थेट दवाखान्यात. ऑक्सिजन लावल्यावर त्यांना जरा बरं वाटलं, तरी डॉक्टरांनी रात्रभर सोडलं नाही. या वायूने फुप्फुसाला येणारी सूज कधी कधी काही तासांनी दिसते, म्हणून. मावशी बऱ्या झाल्या, पण जिना चढताना लागणारी धाप जायला बराच काळ गेला.

यामागचं रसायनशास्त्र शाळेतलंच आहे. संडासाच्या लिक्विडमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ब्लीचिंग पावडरमध्ये किंवा पातळ ब्लीचमध्ये हायपोक्लोराइट असतं. दोन्ही भेटले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने सोडला होता, तोच हा वायू. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो, म्हणून खाली साचून राहतो. वाकून घासणाऱ्या माणसाचं नाक नेमकं तिथेच असतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. त्या भांड्यातला पिवळा थर म्हणजे पाण्यातले क्षार. ते आम्लात विरघळतात. ब्लीच त्यांचा रंग फिका करतं, थर काढत नाही. म्हणजे ज्या पावडरने मावशींचा जीव धोक्यात आला, तिची तिथे गरजच नव्हती. आपल्या घरात अशा किती वस्तू गरज नसताना येऊन बसल्या आहेत? परत आल्यावर मी स्वयंपाकघरातलं सिंकखालचं कपाट रिकामं करायला घेतलं. त्या कामातून जे कळलं, ते इथे सांगते आहे.

टाकून देण्याची घाई नको

कपाट आवरताना पहिला धोका आवरण्याचाच असतो. नको असलेल्या बाटल्या एकापाठोपाठ एक मोरीत रिकाम्या केल्या, तर जे संडासात घडलं तेच मोरीत घडेल. म्हणून काहीही ओतू नका. जे वापरण्यासारखं आहे ते एक-एक करून संपवा आणि पुन्हा आणू नका. मुदत संपलेलं, लेबल गेलेलं, ओळख न पटणारं जे असेल, ते झाकण घट्ट लावून वेगळं ठेवा. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगळा करायला सांगितला होता. रसायनांच्या बाटल्या, रंगाचे डबे, बॅटऱ्या, ट्यूबलाइट हे सारं त्यांत घातक कचऱ्यात मोडत होतं. घंटागाडीवाल्यांना तसं सांगूनच ते द्या.

आणखी एक गोष्ट त्याच दिवशी करा. सुटं फिनेल किंवा अ‍ॅसिड पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवलं असेल, तर त्या बाटलीवर आजच मोठ्या अक्षरांत नाव लिहा, ती कुलपात ठेवा, आणि यापुढे सुटं घेणं बंद करा. तहानलेलं मूल बाटलीचा आकार ओळखतं, आतलं द्रव्य ओळखत नाही. चुकून असं काही पोटात गेलंच, तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. जाताना जळलेली अन्ननलिका येताना पुन्हा जळते. १०८ ला फोन करा, आणि दवाखान्यात जाताना ती बाटली सोबत न्या.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

रसायनं कमी करायची म्हटली, की लोक लगेच व्हिनेगर, लिंबू, सोडा यांकडे वळतात. दिशा बरोबर आहे, पण इथेही माहिती लागते. व्हिनेगर आणि लिंबू हीसुद्धा आम्लंच. ब्लीचशी त्यांची गाठ पडली, तरी क्लोरीन सुटतो.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र केला की जोरात फसफसतं. काहीतरी जबरदस्त साफ होतंय असं वाटतं, पण दोघे एकमेकांची ताकद मारतात. फेस ओसरल्यावर उरतं ते जवळजवळ खारट पाणी. ते वेगवेगळे वापरावेत. नळाच्या तोटीवरचे क्षार व्हिनेगरने किंवा किराणा दुकानात मिळणाऱ्या लिंबूसत्त्वाच्या पाण्याने निघतात. सोडा ओल्या फडक्यावर घेऊन चिकट डाग पुसावेत. धुण्याचा सोडा खायच्या सोड्यापेक्षा बराच तीव्र असतो. तो हातांची साल काढतो आणि अ‍ॅल्युमिनियमची भांडी काळी पाडतो, म्हणून त्या भांड्यांना तो लावू नये.

ओट्याचा दगड कोणता आहे, हेही पाहा. आपल्याकडचा कडप्पा आणि शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, संगमरवरही त्याच कुळातला. त्यांच्यावर लिंबू, व्हिनेगर किंवा चिंचेचं पाणी राहिलं, तर चकाकी जाऊन पांढुरके चट्टे उठतात, आणि ते पुसून जात नाहीत. ग्रॅनाइटला ही भीती फारशी नसते. कडप्प्याच्या ओट्याला साबणाचं कोमट पाणी आणि कोरडं फडकं पुरतं.

मोसंबी-लिंबाच्या सालींचं बायोएन्झाइम हल्ली पुष्कळ घरांत होतं. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिने धीर. कचरा वाचतो आणि फरशीही छान पुसली जाते. मात्र आंबताना वायू तयार होतो. काचेच्या बाटलीत घट्ट झाकण लावून ठेवलं तर बाटली फुटू शकते. प्लास्टिकची बाटली घ्या, वर थोडी जागा सोडा, आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्या. हे द्रव आंबट असतं, म्हणून ब्लीचपासून आणि कडप्प्यापासून त्यालाही लांबच ठेवायचं.

एका वेळी एकच बदल

उत्साहात सगळं घर एकदम बदलायला गेलं, की घरातली माणसं कंटाळतात आणि महिन्याभरात जुन्या बाटल्या परत येतात. एक बदल अंगवळणी पडला, की मगच दुसरा हाती घ्यावा. माझा क्रम असा होता.

पहिला बदल भांड्यांचा. प्लास्टिकच्या घासणीऐवजी नारळाचा काथ्या किंवा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. झिजली की ती कुंडीतल्या खतात जाते. रिठ्याचं पाणीही चांगलं काम देतं. रिठ्याच्या टरफलात सॅपोनिन नावाचा फेसाळ पदार्थ असतो, तोच तेलकटपणा सोडवतो. मात्र हे पाणी दोन-चार दिवसांत आंबतं, म्हणून थोडंच उकळावं आणि फ्रिजमध्ये ठेवावं. डोळ्यांत गेलं तर फार झोंबतं, हे मुलांना सांगून ठेवावं.

दुसरा बदल कपड्यांचा, आणि तो फक्त मापाचा. साबणाची पावडर अंदाजे ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घ्यायची. फेस जास्त म्हणजे कपडा जास्त स्वच्छ, हा समज आहे. जास्तीची पावडर कपड्यांत राहून अंगाला खाज आणते आणि उरलेली गटारातून नदीत जाते. आळंदीला इंद्रायणीवर फेसाचे थर तरंगताना आपण पाहतो. त्यात कारखान्यांचं पाणी आहे, तसं घराघरांतून येणारं सांडपाणीही आहे. पुण्याच्या नद्यांवर पसरणारी जलपर्णी याच सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर पोसते.

तिसरा बदल फरशीचा. रोज जंतुनाशकाने फरशी पुसण्याची गरज नसते. केर नीट काढून साध्या पाण्याने, आठवड्यातून एखाद्या वेळी साबणाच्या पाण्याने पुसली की पुरतं. हातांचंही तसंच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ द्रव्यं असलेले जंतुनाशक साबण बाजारातून काढायला लावले, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते सरस आहेत हे उत्पादकांना दाखवता आलं नाही. घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले असतील, किंवा पुराचं पाणी घरात शिरून गेलं असेल, तेव्हा ब्लीच हवंच. विहिरीत टाकलेल्या टीसीएल म्हणजेच ब्लीचिंग पावडरीने तर गावंच्या गावं साथींपासून वाचतात. ब्लीचशी माझं वैर नाही. ते गरजेपुरतं, एकटं, पाण्यात पातळ करून, दारं-खिडक्या उघडून वापरावं, इतकंच.

चौथा बदल कपाटातल्या डांबर गोळ्यांचा. बाळंतिणीच्या घरी जुनी दुपटी आणि झबली गोळ्यांच्या वासासकट बाहेर निघतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. या गोळ्यांतल्या नॅफ्थॅलीनने अशा बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि गंभीर कावीळ होऊ शकते. बाळाच्या कपड्यांजवळ या गोळ्या ठेवूच नयेत. कपडे धुऊन, कडक उन्हात खडखडीत वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

पाचवा बदल डासांचा. बंद खोलीत रात्रभर कॉइल जाळणं म्हणजे रात्रभर धूर हुंगणं. खिडक्यांना जाळी आणि पाळण्यावर मच्छरदाणी हा एकदाचा खर्च आहे. शिवाय आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. पिंप, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या थाळ्या रिकाम्या करून घासायच्या. डेंग्यूचा डास घरातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. आठवड्याच्या आत पाणी काढलं की साखळी तुटते.

कुणी काय टाकलंय, हे सर्वांना माहीत हवं

हे सगळं करूनही एक काम राहतंच, आणि माझ्या मते तेच सर्वात महत्त्वाचं आहे. घरातल्या रसायनांना सर्वाधिक वेळ कुणाचे हात लागतात? बहुतेक घरांत धुणं-भांडी करणाऱ्या मावशींचे. त्या दिवसभरात चार घरं करतात, आणि प्रत्येक घरी वेगळी बाटली असते. बाटलीवरची सूचना बारीक अक्षरांत, अनेकदा इंग्रजीत असते. घर आरोग्यदायी झालं असं आपण म्हणायचं आणि त्या घरात राबणारे हात फुटलेले असायचे, हे मला पटत नाही.

म्हणून प्रत्येक बाटलीवर मराठीत, ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवा: आत काय आहे, कशासाठी आहे, कशात मिसळायचं नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना दाखवून सांगा. भांड्यात काही ओतून ठेवलं असेल, तर संडासाच्या दाराला चिठ्ठी लावा, आणि आधीचं पाणी सोडून भांडं धुतल्याशिवाय दुसरं काही टाकायचं नाही, असा घराचा नियमच करा. रबरी हातमोजे मावशींच्या मापाचे आणा. आणि डाग गेला नाही तर राहू द्या, असं त्यांना तोंडाने सांगा. आपल्याला बोलणी बसतील या धास्तीने माणसं दोन बाटल्या एकत्र करतात.

तरीही कुठे असा उग्र वास आलाच, तर तो घालवण्यासाठी वर आणखी काही ओतू नका. आधी माणसाला बाहेर काढा, उघड्या हवेत बसवा, वाटेत हाताशी आलेली दारं-खिडक्या सताड उघडा, डोळे किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा. खोकला किंवा धाप थांबत नसेल, तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठा, आणि काय-काय मिसळलं होतं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

निरोगी आणि निसर्गाला धरून राहणाऱ्या घरासाठी नवं सामान फार लागत नाही. आहे त्यातलं निम्मं कमी करायचं, उरलेल्याची नीट ओळख करून घ्यायची, आणि ती ओळख घरात वावरणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोहोचवायची. या रविवारी एकच कप्पा घ्या. मावशींची सुट्टी नसेल तर त्यांनाही शेजारी बसवा. कोणत्या घरी काय वापरतात, कशाने हात जळतात, कशाने ठसका लागतो, हे त्यांच्या तोंडून ऐका. तुमच्या घरातली कोणती बाटली सर्वात आधी जायला हवी, ते त्याच सांगतील.