थांब्यापर्यंतचा रस्ता



दहावीचा निकाल लागला की आम्ही दरवर्षी एक प्रश्न विचारतो, "पुढे कुठे शिकणार?" मुले बसवकल्याण, कलबुर्गी, उमरगा अशी नावे सांगतात. काही मुली मात्र खाली मान घालतात. मागे एका हुशार मुलीच्या वडिलांना आम्ही कारण विचारले. ते म्हणाले, "सर, गाडी फाट्यावर सोडते. संध्याकाळी अंधारात फाट्यापासून घरापर्यंत ती एकटी येणार कशी?" फी, पुस्तके, अभ्यास यांपैकी काहीच त्यांच्या तक्रारीत नव्हते. अडचण होती ती शेवटच्या दोन-तीन किलोमीटरची. म्हणून या अंकात आम्ही हाच धडा घेत आहोत.

बस आली, पुढे काय?

आपल्या भागाला सरकारी बस नवीन नाही. बिदर जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असताना त्या संस्थानाने १९३२ साली २७ बसगाड्या व १६६ कर्मचारी घेऊन बससेवा सुरू केली होती. १९५६ साली आपला जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला. २००० साली आपल्या भागासाठी कलबुर्गी येथे वेगळे परिवहन महामंडळ झाले. २०२१ पासून त्याचे नाव 'कल्याण कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळ' असे आहे. ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेखाली राज्यातील महिलांना राज्यांतर्गत साध्या बसचा प्रवास मोफत झाला. म्हणजे मुलीच्या तिकिटाचा प्रश्न पुष्कळसा सुटला. थांब्यापर्यंत जाण्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

त्यावर सोपा उपाय म्हणजे सायकल. कर्नाटकात २००६-०७ पासून सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीच्या मुलांना सायकली मिळू लागल्या. कोरोनाच्या काळात हे वाटप थांबले. बिहारमध्येही २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना निघाली. अभ्यासकांनी तिची तपासणी केली, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. जिथे शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर होती, तिथे हा फरक जास्त पडला. दूरची शाळा सायकलीने जवळ आणली.

पुण्याचा अनुभव

आपल्याकडची पुष्कळ माणसे शिक्षणासाठी व कामासाठी पुण्याला जातात. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. डिसेंबर २००६ मध्ये तेथे कात्रज-स्वारगेट-हडपसर या रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्गिका केली. बाजूने सायकलमार्गही आखले. हेतू चांगला होता. पण बसथांबे रस्त्याच्या मधोमध आले, आणि तेथे पोहोचायला प्रवाशांना धावत्या वाहनांमधून जावे लागे. सायकलमार्गावर कुठे गाड्या उभ्या, कुठे टपरी, तर कुठे मार्गच मध्ये संपलेला. मग लोकांना आपली दुचाकीच बरी वाटली. २०१७ साली महापालिकेने पुन्हा संपूर्ण शहराचा सायकल आराखडा मंजूर केला.

यातून आपण काय शिकावे? बस आणि सायकल हे दोन वेगळे विषय नाहीत. घर, रस्ता, थांबा, बस आणि शाळा ही एक साखळी आहे. एक कडी तुटली की बाकीच्या असून उपयोग नाही. मंठाळसारख्या गावालाही हाच नियम लागू आहे.

थोडे गणित

ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. चालकाने तुम्हाला पाहिले आणि त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच १७ मीटर संपले! म्हणून चालकाला आपण लांबूनच दिसले पाहिजे. त्यासाठी पुढील गोष्टी पाळा.

१. सायकल डाव्या बाजूने, एकामागे एक चालवा. पायी जाताना फुटपाथ नसेल तर उजव्या कडेने, समोरची वाहने पाहत चाला.
२. सायकलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर हवाच. ब्रेक व घंटी दर सोमवारी तपासा.
३. उसाच्या हंगामात दिवे नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. ट्रॉलीला धरून सायकल ओढून घेऊ नका.
४. बसमधून उतरल्यावर बसच्या पुढून पळू नका. बस निघून गेल्यावर दोन्हीकडे पाहून रस्ता ओलांडा.
५. दारात लोंबकळू नका. पुढची गाडी उशिरा आली तर आम्ही रागावणार नाही.

पालकांना एक विनंती. "बस नाही" म्हणून अल्पवयीन मुलाच्या हाती मोटारसायकल देऊ नका. २०१९ च्या कायद्यातील दुरुस्तीप्रमाणे अशा वेळी पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. दंड भरता येईल, पण गेलेले मूल परत येत नाही.

आमचे काम

संचालक मंडळापुढे आम्ही तीन गोष्टी ठेवत आहोत. पहिली, बसची वेळ शाळा सुटण्याशी जुळावी म्हणून डेपोला लेखी अर्ज द्यावा, आणि सोबत मुलांची गाववार यादी जोडावी. दुसरी, फाट्यावर एक दिवा व सायकली ठेवण्यासाठी पत्र्याची शेड व्हावी म्हणून ग्रामपंचायतीला भेटावे. तिसरी, बसची वेळ बदलत नसेल तर शाळेची घंटा बदलावी. हे आपल्याच हातात आहे.

विचार करा व लिहा

१. तुमच्या घरापासून थांब्यापर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढा. धोक्याच्या जागा लाल पेन्सिलने दाखवा.
२. एका बसमध्ये ५० जण बसतात. तेवढेच लोक दोघे-दोघे मोटारसायकलने निघाले तर रस्त्यावर किती गाड्या येतील?
३. घरातील मोठ्यांना विचारा : शाळेची वाट लांब किंवा धोक्याची म्हणून आपल्या घरात कोणाचे शिक्षण थांबले?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून आणा. अर्जासोबत ती उत्तरेही आम्ही घेऊन जाणार आहोत.