फरशीखालची जमीन

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात पुष्कळ घरी शेणाने सारवलेल्या जमिनीची जागा काँक्रीटच्या कोब्याने घेतली आहे. परंतु हा कोबा अनेकदा उंचसखल असतो. पाणी सांडले तर ते मोरीकडे न जाता खोलीच्या मध्येच साचून राहते. अशा जमिनीवर फरशी बसविणे हे आईबापांच्या कष्टाच्या पैशाचे काम होय. म्हणून त्याचा थोडा विचार येथे करू.

प्रथम दोषाचे कारण शोधावे. तापीखोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जोत्यात हीच माती भरली असेल, अथवा मुरमाचा भराव नीट चोपला नसेल, तर वरील कोबा खचतो व तडकतो. तडा वर्षागणिक रुंदावत असेल, तर तेवढा भाग उकरून चांगला मुरूम भरावा व पाणी मारून चोपावा. हे न केल्यास वरची फरशी कितीही मोलाची असो, ती फुटावयाचीच.

भराव पक्का असेल तर पातळी पाहावी. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीची दोन टोके समोरासमोरच्या भिंतींशी धरली असता दोन्हीकडचे पाणी एकाच उंचीवर राहते. विद्यार्थ्यांनो, तुम्ही शास्त्राच्या तासाला शिकता तोच हा नियम गवंडी नित्य वापरतो. नळीत बुडबुडा मात्र राहू देऊ नये.

आता निवड. कर्नाटकातील शहाबादची फरशी हा चुनखडक आहे. ती सिमेंट-वाळूच्या जाड थरावर बसवितात. त्यामुळे थर कमीअधिक करून लहान खळगे भरून काढता येतात. मात्र लिंबाचिंचेच्या आंबट रसाने तिच्यावर डाग पडतात. पातळ टाइल्स मसाल्याने चिकटवावयाच्या तर तळ आधीच सपाट हवा. खाली पोकळी राहिल्यास खाटेच्या पायानेही त्या तडकतात. प्लास्टिकचे अंथरूण स्वस्त खरे, पण खालचा प्रत्येक उंचवटा त्यातून दिसतो व ओल आत कोंडते.

बसविण्यापूर्वी कोबा छिन्नीने खडबडीत करून धुवावा, म्हणजे नवा थर जुन्यास धरून राहतो. दोरी लावून मोरीकडे ढाळ ठेवावा. जमीन उंच होईल, तेव्हा दार उघडेल ना, हेही आधीच पाहावे. सिमेंटच्या थरावरील काम निदान सात दिवस ओले ठेवावे.

लूककृत शुभवर्तमानातील शहाण्या माणसाने घर बांधताना खोल खणून खडकावर पाया घातला. ते खणणे पुढे कोणाच्या दृष्टीस पडले नाही. पूर आला तेव्हा मात्र घर त्याच्याच बळावर उभे राहिले. मुलांनो, परीक्षेच्या आदल्या रात्री केलेले पाठांतर ही वरची चकाकी होय; वर्षभराचा अभ्यास हा खालचा भराव. तो आजच चोपावयास घ्या.