पुलीचा रबर सुटलाय, वेल्ड मारू का?

प्रश्न : माझी जुनी चार सिलिंडरची डिझेल जीप विटा-सातारा अशी नेहमी धावते. क्रँकची पुली डुगडुगते, बेल्ट किंचाळतो. मेस्त्री म्हणतात, नवी कशाला, वेल्ड मारून देतो. काय करू?
– एक वाचक, विटा

उत्तर : वेल्ड अजिबात मारू नका. आतला हब आणि बाहेरचं जड कडं यांच्यामधला रबर नुसता जोड नाही. प्रत्येक स्फोटासरशी क्रँक किंचित पिळली जाते आणि तो पीळ हा रबर जिरवतो. कडं वेल्ड केलंत, की सगळा मार क्रँकवर. ती तडकूही शकते. रबराशिवाय चालणाऱ्या विहिरीवरच्या एक सिलिंडरच्या इंजिनाचं उदाहरण मेस्त्री देतील, पण त्याची क्रँक आखूड असते, म्हणून फारशी पिळली जात नाही.

आधी खात्री करा. हबपासून कड्यापर्यंत खडूने नव्हे, पांढऱ्या रंगाने सरळ रेघ ओढा आणि दोन-चार दिवस गाडी चालवा. रेघ तुटली, तर रबर सुटला. मग कड्यावरच्या टायमिंगच्या खुणेवरही भरवसा नको.

नवी पुली बसवताना पुलर हबच्या आट्यांत लावा, कड्याला नाही. हातोडा तर नकोच. पुढचं ऑइल सील त्याच वेळी बदला, कारण तेल लागलेला रबर फुगतो. हबवर सीलने चर पाडलाय का, चावी झिजलीय का, तेही बघा. बोल्ट कंपनीच्या मापाने टॉर्क पान्यानेच आवळा.

भंगार बाजारातली पुली स्वस्त मिळेल. घेऊ नका, तिचा रबरही तेवढाच जुना असतो.